आज गाडी सुखरूप आली

साहेबराव एसटीत ड्रायव्हर लागला तेव्हा पिंपळगाव रेणुकाईच्या बौद्धवाड्यात त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, घरोघरी गूळ वाटला होता. पुढं त्याला जालन्याहून राजूर, केदारखेडा, भोकरदन करत थेट पिंपळगावात मुक्कामी येणारी गाडी मिळाली, तेव्हा तर म्हातारी पहिल्याच दिवशी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसली आणि जालन्याला जाऊन त्याच गाडीनं परत आली. काम काही नव्हतं. "माझ्या लेकाच्या गाडीत बसून आले," एवढंच तिला गावात सांगायचं होतं. ज्या पाटलांच्या ओट्यासमोरून ती आयुष्यभर खाली मान घालून गेली, त्या ओट्यावरच्या बायका तिकीट काढून तिच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

साहेबराव गाडी जपून चालवायचा. दहा वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडी आली नाही. कंडक्टर भुजंग त्याला चिडवायचा, "साहेबराव, तुमच्यापेक्षा बैलगाडी जल्दी पोचंन." साहेबराव हसायचा आणि पहिल्या गिअरमध्येच पूर्णेच्या पुलावर गाडी घालायचा.

दुष्काळ सरला त्या साली ग्रामपंचायतीत रेडिओ आला. पंचायतीचा शिपाई श्रीपती तो रोज सकाळ-संध्याकाळ लावायचा आणि छतावरच्या कर्ण्यातून तो अख्ख्या गावाला ऐकू जायचा. बाजारभाव, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, गाणी, सगळं गाव ऐकायचं. पण बातम्या लागल्या की बायासुद्धा हातातलं काम थांबवायच्या.

पंच्याहत्तर सालच्या माघात केदारखेड्याजवळ एका एसटीला कापसाचा ट्रक घासून गेला. ट्रकवाल्याला डुलकी लागली होती. गाडी साहेबरावची नव्हती, पण ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा होता. दोन माणसं जागीच गेली.

संध्याकाळी रेडिओनं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी जखमींपैकी एक जण दवाखान्यात वारला, ते सांगितलं. चौथ्या दिवशी कुणा पुढाऱ्यानं दुःख व्यक्त केलं, तेही सांगितलं. साहेबराव त्या आठवड्यात जालन्यातच अडकला होता. तो गावात आला तेव्हा पारावर बसलेल्या रखमाजीनं त्याला विचारलं, "काय रं, त्या रोडवर पाच गाड्या गेल्या म्हनं?"

"पाच कुठल्या काका? एकच हाय ती."

"मंग रेडिओ रोज कोन्ती सांगून राह्यला?"

"तीच सांगून राह्यला. रोज तीच."

रखमाजीनं त्याच्याकडं असं बघितलं की हा एसटीचा माणूस, एसटीचीच बाजू घेणार.

मग साताऱ्याकडं घाटात एक गाडी दरीत गेली. मग विदर्भात एक नाल्यात. नावं लोकांच्या डोक्यात राहत नव्हती, गाडी तेवढी राहत होती. महिन्याभरात गावची समजूत पक्की झाली की एसटी रोज कुठंतरी उलटते आणि बहुतेक वेळा ती जालन्याच्याच रस्त्यावर उलटते. गाडीत चढताना बाया पायरीला हात लावून नमस्कार करायला लागल्या. भोकरदनच्या स्टँडवर एक पांढरपेशा गृहस्थ खिडकीतून डोकावून म्हणाले, "ड्रायव्हर, डोळे नीट आहेत ना तुमचे? काल रेडिओवर ऐकलंय मी." साहेबरावनं समोर बघत गाडी गिअरमध्ये टाकली. त्याचे कान तापले होते.

एका संध्याकाळी त्यानं श्रीपतीला पंचायतीसमोर गाठलं. "श्रीपतभाऊ, मी रोज दोन फेऱ्या करतो. माझ्यासारख्या किती गाड्या ह्या रोडवर रोज जातात, येतात. त्या बराबर पोचल्या, हे कोन सांगतं का?"

"ते काय सांगायचं?" श्रीपती म्हणाला. "आन् रेडिओ काय खोटं बोलतो का?"

"खोटं न्हाई बोलत. खरंच बोलतो. तीच तर पंचाईत हाय. खोटं असतं तर खोटं म्हनता आलं असतं."

श्रीपतीला ते काही उमगलं नाही. त्यानं कर्ण्याची तार नीट केली आणि आवाज वाढवला.

गाडीतली माणसं कमी होऊ लागली. राजूरच्या चतुर्थीला ज्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, तिच्यात त्या साली बाकं रिकामी होती. लोक गणपतीला जातच होते, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून, पोत्यांच्या ट्रकवर बसून, एकमेकांच्या खांद्याला धरून. साहेबराव त्यांना ओलांडून पुढं जायचा तेव्हा ट्रॉलीतली पोरंसोरं त्याला हात करायची आणि म्हातारी माणसं त्याच्या गाडीकडं कीव आल्यासारखी बघायची.

त्याचं डोकं फिरून जाई. घरी जेवताना तो बायकोला, गिरिजाबाईला, ऐकवायचा. "दहा वर्सांत ह्या रोडवर एसटीला अपघात किती झाले, सांग. चार! मोजून चार. आन् ट्रॉल्या? बैलगाड्या? मागच्या साली भुसाऱ्याचा ट्रॅक्टर विहिरीत गेला, दोन मेले. आलं का रेडिओवर?"

"मला काय सांगता," गिरिजाबाई म्हणायची. "मी बसते की तुमच्या गाडीत. त्यांना सांगा." आणि ती आतल्या खोलीकडं बोट दाखवायची.

आतल्या खोलीत चांगुणाबाई असायची. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चैत्रातली तारीख दिली होती. पण जी म्हातारी कामाशिवाय जालन्याला जाऊन आली होती, ती आता गाडीचं नाव काढू देत नव्हती.

"माय, मी सोता चालवनार हाय. मागं बस, माझ्या पाठीला पाठ लावून."

"तुझ्या हातावर भरवसा हाय माझा. त्या रोडवर न्हाई."

"रोड तोच हाय! ट्रॉली काय आभाळातून जाते का?"

"ट्रॉली हळू जाते. आन् ट्रॉलीचं काही ऐकू येत न्हाई."

साहेबराव उठून बाहेर गेला. आईवर ओरडायचं नाही म्हणून तो बराच वेळ अंगणात उभा राहिला.

तारखेच्या दिवशी तो नेहमीप्रमाणं सकाळी सहाला गाडी घेऊन निघाला. आईनं रात्री 'बघू' म्हटलं होतं, म्हणून त्यानं मागचा बाक धरून ठेवायला भुजंगला सांगितलं होतं. म्हातारी आली नाही. भोकरदनला एका बाईनं बसू का विचारलं, तेव्हा साहेबराव मान न वळवता म्हणाला, "बसा."

गाडी गेल्यावर तासाभरानं जगन्नाथ देशमुखांचा ट्रॅक्टर ज्वारीची पोती घेऊन जालन्याच्या मोंढ्याला निघाला होता. पोत्यांवर गावातली नऊ माणसं होती. त्यांच्यात चांगुणाबाई होती, तिच्या सोबतीला म्हणून शेजारची दुर्गाबाई होती आणि रखमाजी होता.

साहेबराव जालन्याहून उलटा निघाला. राजूर सोडल्यावर केदारखेड्याकडच्या उतारावर त्याला लांबूनच ज्वारी दिसली. रस्त्याच्या कडेला पिवळा सडा पडला होता. ट्रॉली चाकं वर करून पडली होती. उतारावर तिला ट्रॅक्टरशी जोडणारा आकडा सुटला होता.

त्यानं गाडी थांबवली आणि पळत सुटला. चांगुणाबाई बाभळीला टेकून बसली होती. तिचा उजवा पाय मांडीपासून वाकडा झाला होता आणि ती ओरडत नव्हती, नुसतं पदरानं तोंड पुसत होती. दुर्गाबाईच्या कपाळातून रक्त येत होतं. रखमाजी पोत्यांखाली होता. भुजंगनं आणि तिघाचौघांनी पोती ओढली, पण तो आधीच गेला होता.

साहेबरावनं गाडीत चढून पासिंजरांना सांगितलं, "मी गाडी परत जालन्याला फिरवतो. ज्यांना घाई असंन त्यांनी उतरून घ्या." कुणी उतरलं नाही. उलट दोघांनी आपली बाकं मोकळी केली आणि माणसं आडवी घातली. त्या दिवशी त्यानं गाडी किती पळवली हे त्याला नंतर आठवलं नाही. भुजंगनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्याला "हळू" म्हटलं.

दोन दिवसांनी तो गावात आला तो रखमाजीच्या घरी भेटून सरळ पंचायतीसमोर जाऊन बसला. बातम्या लागल्या. मंत्र्यांचा दौरा झाला, पाटबंधाऱ्याचं उद्घाटन झालं, कापसाचा भाव झाला. मग रेडिओ म्हणाला की नाशिककडं एक एसटी झाडावर आदळून सात प्रवासी जखमी झाले. समोर बसलेल्या माणसांतून "आरं आरं" असा आवाज आला.

साहेबराव दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्याही दिवशी बसला.

"श्रीपतभाऊ," तो म्हणाला, "आपला मानूस मेला. आठ जन जखमी झाले. रेडिओवर एक शबूद न्हाई."

"आता ट्रॉलीची काय बातमी असती का, साहेबराव?" श्रीपती समजावणीच्या सुरात म्हणाला. "रोजचंच हाय ते."

"रोजचंच हाय!" साहेबराव उभाच राहिला. "तुमच्या तोंडून आलं, बरं झालं. रोजचंच हाय म्हनून सांगत न्हाईत! आन् जे सांगतात ते तुमाला रोजचं वाटतं!"

मग कुणीतरी म्हणालं, "आईचं दुखनं हाय, जाऊ द्या."

दवाखान्यात चांगुणाबाईच्या पायाला वजन लटकवलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन राहूनच गेलं. साहेबराव फेरीच्या मधल्या वेळात तिच्याजवळ जाऊन बसायचा. एकदा त्यानं विषय काढलाच. "माय, आता तरी पटलं का?"

म्हातारीनं थोडा विचार केला. "आपलं रेडिओवर आल्तं का रे?"

"न्हाई."

"मंग फार मोठा अपघात न्हवता तो," ती म्हणाली. "बरं झालं एसटीनं न्हाई गेले. एसटी असती तर एकही वाचलं नसतं."

साहेबराव खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर दवाखान्याच्या आवारात लोक डबे घेऊन उभे होते. त्याला हसू येत होतं की रडू, हे त्याचं त्यालाच कळेना.

त्यानंतर त्यानं एक खटपट केली. शाळेतून काळा रंग दिलेली फळी मागून आणली, स्टँडच्या लिंबाला टांगली आणि रोज मुक्कामी आल्यावर खडूनं लिहायला लागला : 'आज गाडी सुखरूप आली.' खाली तारीख आणि माणसांचा आकडा. त्याला वाटलं, रेडिओ जे सांगत नाही ते आपण सांगावं, लोक रोज वाचतील, हळूहळू मनात बसेल.

लोकांनी वाचलं. पाचव्या दिवशी शाळामास्तर त्याला म्हणाले, "साहेबराव, लोक विचारतात, रोज लिहायची पाळी आली म्हणजे काहीतरी भानगड असणार." आणि एका रविवारी गाडी ब्रेक दुरुस्तीला जालन्यात राहिली, फळी कोरी राहिली, तर संध्याकाळपर्यंत गाडी पूर्णेत पडल्याची बातमी गावभर झाली. गिरिजाबाईच्या दारात बाया जमल्या. ती बिचारी नवऱ्याच्या नावानं टाहो फोडायच्या बेतात असतानाच कुणीतरी तो जालन्याच्या स्टँडवर चहा पिताना दिसल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबरावनं फळी काढली आणि शाळेत नेऊन दिली.

ज्येष्ठात चांगुणाबाईला घरी सोडलं. पाय धड चालत नव्हता. ट्रॉलीवर चढणं शक्यच नव्हतं आणि दुसरं कुठलं वाहन नव्हतं. साहेबरावनं तिला उचलून मागच्या बाकावर ठेवलं. जालन्यापासून पिंपळगावपर्यंत म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. दोन्ही हातांनी त्याच्या सीटचा दांडा धरून ती बुद्धाचं नाव घेत राहिली. आरशात तिचा मिटलेला चेहरा बघत साहेबराव गाडी चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचंच अंग आक्रसत होतं.

घरी पोचल्यावर शेजारपाजारच्या बाया भेटायला आल्या. पाय कसा मोडला, रखमाजी कसा गेला, हे एकीनंही विचारलं नाही. "एसटीनं आलीस? एवढ्या लांबून? काही झालं न्हाई ना?" सगळ्या तेच विचारत होत्या. आणि चांगुणाबाई, खाटेवर टेकून, अभिमानानं सांगत होती, "वाचले बाई."

पावसाळ्याच्या तोंडावर डेपोचा हुकूम आला. प्रवासी मिळत नाहीत म्हणून पिंपळगावची मुक्कामी गाडी बंद. साहेबरावला दुसऱ्या तालुक्यातला रस्ता मिळाला. गाडी बंद झाली तसा गावात एकच ओरडा झाला. रस्ते चिखलाचे झाले, ट्रॉल्या शेतात अडकल्या, बाळंतिणीला न्यायला काही मिळेना. श्रीपती एका रविवारी अर्ज घेऊन साहेबरावच्या घरी आला. अर्जावर शंभरावर सह्या आणि अंगठे होते.

"तुम्ही डेपोतले, साहेबराव. ह्याला वजन पडंन असं काही लिहा. गाडीशिवाय गावाचे लई हाल होऊन राह्यले."

साहेबरावनं अर्ज हातात घेतला, नावं वरपासून खालपर्यंत वाचली. त्यातल्या कितीजणांना त्यानं गेल्या सहा महिन्यांत गाडीत बघितलं होतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. पहिल्याच ओळीत त्याच्या आईचा अंगठा होता.

"ही बसनार हाय का गाडीत?" त्यानं विचारलं.

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "मी कशाला बसू? पन गावाला गाडी पाहिजे."

साहेबरावनं श्रीपतीकडून पेन घेतलं आणि ओट्यावर बसून लिहायला लागला.