लव्हर्नच्या माडीवरचे खेळाडू

आमच्या पोर्टर्स बेंडमध्ये एप्रिल उजाडला, की बेसबॉलच्या मैदानात तिसऱ्या बेसच्या बाजूच्या लाकडी बाकांवर भांडण सुरू होतं. भांडण दरवर्षी तेच: यंदाच्या पोरांपैकी मोठ्या लीगपर्यंत कोण पोचणार? मासिकवाले आपली यादी छापतात, इंटरनेटवाले दुसरी लावतात, आणि आमची माणसं त्या दोन्ही मोडून तिसरी लावतात. पहिला कोण, चौथा कोण, पहिल्या दहांत कुणाला उगाच घुसवलाय. आमचा क्लब क्लॅमर्स, म्हणजे नदीतले शिंपले काढणारे. मोठ्या लीगकडे नेणाऱ्या शिडीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवरचा क्लब. इथून वर अजून चार पायऱ्या, आणि बहुतेक पोरं त्यातली एखादी चढून, नाहीतर तीही न चढता, घरी जातात. तरी यादी लावायचा हुरूप काही कमी होत नाही.

"योएन्ड्री पॉलिनो चौथा? चौथा?" डेल्बर्ट रोझकँप मासिक गुडघ्यावर आपटायचा. त्याचं सगळं आयुष्य नदीवर मालाच्या बोटी ढकलण्यात गेलेलं. त्यामुळे साधं बोलणंसुद्धा पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. "अरे, तो दुसऱ्या बेसवर चेंडू फेकतो की बंदूक झाडतो? पहिला हवा तो!"

"हात आहे रे त्याला," वेस्ली प्रुइट फोनमधून डोकं वर न काढता म्हणायचा. तो बँकेत. जगातल्या सगळ्या याद्या त्याला पाठ. "पण अठराव्या वर्षी हात कुणाला नसतो? तुलाही असेल."

"अजून आहे. दाखवू?"

मग दोघंही लव्हर्नकडे वळायचे. लव्हर्न टीट्झ सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली असायची. ती टरफल कागदी पेल्यात टाकायची आणि दरवर्षीचं वाक्य बोलायची, "माझ्याकडे जेवतो तो पहिला. बाकीचे नंबर तुम्ही लावा."

"लव्हर्न, तुझे आजवरचे सगळे पहिले कुठं आहेत? एक टायर विकतो. एक पोलिसात आहे."

"पोलिसातला दर नाताळला फोन करतो. तुझ्या यादीतल्या पहिल्यानं केलाय कधी तुला?"

डेल्बर्ट एवढा हसायचा, की बाक हलायचं.

लव्हर्नची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात झाली. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि त्यासोबत दालचिनीचा रोल खाल्लेला. अजूनही चाळिशी उलटलेले बाप्ये तिला रस्त्यात भेटले, की हात धुतलेत का हे आपोआप बघतात. मुलगी लग्न होऊन लांब गेली. नवरा मर्ल धान्याच्या गोदामात होता, तो एका थंडीत अचानक गेला. त्याच वसंतात क्लबनं गावात सांगितलं, की खेळाडूंना राहायला घरं हवीत. पोरांचा पगार तो केवढा, त्यात खोली परवडत नाही. लव्हर्ननं माडीवरची खोली झाडली, दोन पलंग टाकले. भाडं कुणीच घेत नाही, तशी पद्धतच नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी ना कुणी असतंच. कुणी रात्रभर दिवा जळत ठेवणारा, कुणी आईशी फोनवर बोलताना रडणारा, कुणी दुधाचा डबा सरळ तोंडाला लावणारा. यादीतला मात्र एकही नाही. यादीतल्यांना क्लब पोहण्याचे तलाव असलेल्या घरांत पाठवायचा. लव्हर्न त्याबद्दल बोलायची नाही, पण ते तिला कळत होतं.

मी त्या बाकावर आलो तो माझी बायको आयनेझ गेल्यानंतर. तिकीट काढलं आणि कुठं बसावं कळेना. लव्हर्न थोडी सरकली. म्हणाली, "बस, एमेट. बोलायची सक्ती नाही." त्या वाक्याचे आभार मी तिला कधी मानले नाहीत. मला ते जमत नाही.

तिच्याकडच्या पोरांचं जाणं मात्र फार वाईट असायचं. सकाळी मॅनेजर खोलीत बोलावतो, दार लावून घेतो, संघातून नाव काढल्याचं दोन मिनिटांत सांगतो. दुपारी पोराचं सामान गाडीत. संध्याकाळी त्याच्या जागी दुसरा. एकदा असाच तिच्याकडचा एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गेला. त्या संध्याकाळी वेस्ली सहज म्हणाला, "तो एकवीस नंबरवाला दिसत नाही. नाव काय होतं त्याचं?" त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. लव्हर्न उठली, मक्याच्या लाह्या आणते म्हणाली, आणि तीन डाव परत आली नाही.

ग्रेडी सॅव्हॉय आला तो उन्हाळा त्यानंतरचा. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा. बापाची कोळंबीची बोट. हा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागं उकिडवा बसून चेंडू धरणारा. वय पंचवीस, या पायरीवर पंचवीस म्हणजे म्हातारा. कुठल्याही यादीत नाव नाही, आणि बॅट हातात आली की आमचा डेल्बर्ट टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचा.

"लव्हर्न, तुझ्या पहिल्या नंबरानं बॅट फिरवली की मला गार वारा लागतो."

"मग स्वेटर आण."

पण पिचर घाबरला, की ग्रेडी उठून त्याच्याकडे जायचा, तोंडावरची जाळी वर करून काहीतरी सांगायचा, आणि पोरगं हसायचं. काय सांगतो म्हणून लव्हर्ननं एकदा विचारलं. "काही नाही, मॅम. आज जेवायला काय आहे ते सांगतो." घरी तिच्या मागच्या पायऱ्या त्यानं दुरुस्त करून दिल्या. तिच्या बटाट्याच्या भाजलेल्या थराच्या पदार्थात एकदा तिच्या नकळत लाल तिखट घातलं. लव्हर्न दोन पेले दूध प्यायली, डोळे पुसले आणि आणखी वाढून घेतलं.

जुलैत बातमी आली. वेस्ली बाकांकडचा जिना दोन-दोन पायऱ्या करत वर आला. "पॉलिनो येतोय! आपल्याकडे! याच महिन्यात!"

"काय सांगतोस!" डेल्बर्ट उभाच राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. "पण तोही कॅचरच. मग कॅचर तीन होतात की. एकाला..."

तो थांबला. आम्ही सगळे लव्हर्नकडे बघायला लागलो.

"माझ्याकडे काय बघता? चेंडू तिकडं आहे."

सामना संपल्यावर मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. तिनं किल्ली दाराला लावली, पण फिरवली नाही. "एमेट, ग्रेडी जाणार. मी काय खुळी नाही. त्यालाही ठाऊक आहे. जाऊ दे, बाप बोटीवर वाट बघतोय. पण त्या एकवीस नंबरवाल्यासारखं नको रे. जाताना कुणीतरी मान वर करून बघावं. एवढंच मला हवंय."

दुसऱ्या दिवशी ती क्लबच्या ऑफिसात गेली. निदान माइकवरून नाव तरी घ्या, म्हणाली. तिथली मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "मिसेस टीट्झ, आम्हालाच आधी कळत नाही हो. सकाळी ठरतं आणि दुपारी माणूस गेलेला असतो." लव्हर्न तिला दालचिनीचे रोल देऊन परत आली.

मग तो रविवार. दुपारचा सामना. रात्री दिव्यांभोवती मरून पडलेले नदीवरचे एकदिवशी किडे सकाळी फावड्यांनी भरून नेले होते, तरी बाकांखाली कुरकुर वाजत होतं. आम्ही चर्चमधून थेट आलेलो. लव्हर्न निळ्या झग्यात, आणि हातात बिया नव्हत्या.

"पॅनकेक तसेच टाकून गेला सकाळी," ती म्हणाली. "ग्रेडी आणि पॅनकेक टाकतो?"

वेस्लीनं फोन पुढं केला. "पॉलिनो काल रात्रीच आलाय गावात. पण हे ऐक. दोन पायऱ्या वरच्या संघाच्या कॅचरचा अंगठा मोडलाय. त्यांना आजच्या आज माणूस हवा. आणि अशा वेळी यादीतला पोरगा पाठवत नाहीत, अनुभवी गडी पाठवतात. ग्रेडीसारखा."

"वेस्ली, उगाच आशा लावू नकोस मला."

"आशा कसली? हिशोब सांगतोय."

पाचव्या डावापर्यंत ग्रेडी नेहमीसारखाच खेळला. चेंडू छातीवर घेतले, पिचरला हसवलं. मग दोन चेंडूंच्या मध्येच मॅनेजर बाहेर आला. तो पिचरकडे जाईल असं वाटलं, पण सरळ ग्रेडीकडे गेला. सावकाश. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ग्रेडीनं जाळी काढली. पिचर धावत आला आणि त्याला मिठी मारली. डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या खोलगट जागेतून, सगळी पोरं पायरीवर आली.

आता, सामना चालू असताना खेळाडूला मधेच काढला आणि बाकीचे त्याला मिठ्या मारायला लागले, की त्याला वरच्या संघाचं बोलावणं आलं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या क्षणाची आम्ही वर्षभर वाट बघत असतो.

वेस्ली बाकावर चढला. बँकेतला माणूस, रविवारच्या बुटांनिशी. "मिठ्या! मिठ्या मारताहेत! वर चढला! ग्रेडी वर चढला!"

"ग्रेडी वर चढला!" डेल्बर्ट ओरडला, म्हणजे ते नदीपलीकडच्या राज्यातही कळलं असेल. शब्द बाकांवरून पळत सुटला. पहिल्या बेसकडची माणसं उठली, लाह्यांच्या ठेल्यासमोरची रांग मोडून माणसं कठड्याशी आली. लाकडावर पाय आपटायला लागले. माझा गुडघा उभं राहू देत नाही, पण मी उभा होतो. लव्हर्न दोन्ही हात तोंडावर धरून होती.

ग्रेडी अर्ध्या वाटेत थांबला. एकदा मागं वळून पाहिलं, हे दुसऱ्या कुणासाठी तर नाही ना अशा नजरेनं. मग टोपी काढली आणि ती छातीशी धरून सगळं मैदान डोळ्यांत भरून घेतलं. टाळ्या थांबेनात. पंचानं खेळ सुरू करायचं सोडून स्वतःच टाळ्या वाजवल्या.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या तारेच्या कुंपणाशी आम्ही चौघं थांबलो. वेस्ली बोटांवर मोजत होता, ग्रेडी किती वाजता निघाला तर वरच्या संघाकडे किती वाजता पोचेल. ग्रेडी बाहेर आला. खांद्यावर सगळं सामान, डोळे लाल.

"मिसेस टी," तो म्हणाला, "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"काय सांगितलं, राजा?"

"तुम्हाला तरी कसं कळणार म्हणा. मला सकाळी साडेनवाला बोलावलं. म्हणाले, पॉलिनो आलाय, आता जागा नाही. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, पाच डाव खेळ, मी स्वतः येऊन तुला बाहेर नेतो, चोरासारखा जाऊ नकोस." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मला वाटलं, बाहेर कुणाला पत्ताही लागायचा नाही. आणि अख्खं गाव उभं राहिलं. माझ्यासाठी! मला बॅट धरता येत नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी उभे राहिलात. कसं कळलं सगळ्यांना?"

डेल्बर्टनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. वेस्ली पांढराफटक. तो खरं बोलणारा माणूस आहे. "ग्रेडी, खरं म्हणजे मी..." असं त्यानं सुरूही केलं.

लव्हर्ननं त्याचं कोपर पकडलं. "वेस्लीमुळं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी हा उठला. मग बाकीचे."

यात खोटं काहीच नव्हतं. ग्रेडीनं सामान खाली टाकलं आणि वेस्लीला अशी मिठी मारली, की त्याचा चष्मा वाकडा झाला. महिनाभर पॉलिनो, पॉलिनो करणारा वेस्ली, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते ग्रेडीच्या पाठीवर ठेवले.

"आणि एमेट," ग्रेडी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हीही उभे होतात. मी बघितलं."

मी मान हलवली.

ग्रेडीला सकाळी निघायचं होतं. लव्हर्ननं आम्हा सगळ्यांना घरी जेवायला नेलं. ऊन अजून स्वयंपाकघरात होतं. ग्रेडीनं स्वतः कढई चढवली. बापानं बर्फात घालून पाठवलेली कोळंबी, भात आणि ते तिखट. डेल्बर्ट कोपऱ्यात मक्याची कणसं सोलत होता आणि मोठ्यानं सांगत होता, की पॉलिनोचा हात बंदूक असेल, पण ग्रेडीसारखा स्वयंपाक त्याला येत असेल तर आपण मिशी काढू. "त्या पोराचं काय चुकलंय?" लव्हर्न म्हणाली. "कुणाकडे उतरवलाय त्याला? नीट जेवला असेल का?"

वेस्ली वाकडा झालेला चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होता. मेजाशी बसताना लव्हर्ननं त्याला मुद्दाम ग्रेडीच्या शेजारी बसवलं. आम्ही हात हातांत धरले.

"वेस्ली, प्रार्थना तू म्हण," ती म्हणाली.

त्यानं घाबरून तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. कढई अजून चुरचुरत होती.

"देवा," तो म्हणाला, "या अन्नाबद्दल आभार. या घराबद्दल आभार. आज जे आम्ही समजून केलं त्याबद्दल, आणि..." त्यानं ग्रेडीचा हात घट्ट धरला. "आणि जे न समजता केलं, त्याबद्दल तर फारच आभार."

"आमेन," ग्रेडी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

"आमेन," लव्हर्न म्हणाली. तिनं वेस्लीचा हात जरा उशिरा सोडला. "घ्या आता. आणि दूध मेजावरच ठेवलंय, लाजू नका."