बाईंच्या हजेरीतला ठिपका

बाई गेल्याचं मला कळलं ते शाळेच्या ग्रुपवर. परिपाठ नुकताच संपला होता आणि मी चौथीच्या वर्गात हजेरीचं ॲप उघडायच्या खटपटीत होतो. ग्रुपवर वरचा मेसेज होता, ‘आजची उपस्थिती तात्काळ भरावी, अन्यथा खुलासा द्यावा.’ त्याच्या खाली, ‘बोद्धूल बाईंचं पहाटे निधन झालं.’ मग हात जोडलेली चित्रं भराभर पडू लागली आणि त्या हातांच्या रांगेतच कुणीतरी विचारलं, ‘माझं ॲप चालत नाहीये, कुणाचं चालतंय का?’ मला संताप आला. पण धरायचा कुणावर? विचारणाऱ्यालाही खुलाशाची भीती होतीच की. मी मोबाइल टेबलावर पालथा टाकला. पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली आणि मला काही केल्या हजेरीचं पहिलं नाव घेता येईना...

मी मोहोळकडचा. घरी शेती, डी.एड. झालं आणि नेमणूक मिळाली ती सोलापुरात, पूर्व भागातल्या एका सरकारी मराठी शाळेत. वस्ती सगळी विणकरांची. पोरं घरी तेलुगू बोलायची आणि शाळेत मराठी शिकायची. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना मी नाव घेतलं, “रेणुका.” मागून चार पोरी एकदम ओरडल्या, “वस्तुंदि सर!” मी आपला भाबडेपणानं विचारलं, “कसली वस्तू?” वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून बोद्धूल बाई डोकावल्या. त्या त्याच गल्लीतल्या, त्याच शाळेत शिकून तिथंच शिक्षिका झालेल्या. पदर तोंडाला लावून आधी मनसोक्त हसून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, “अहो मोहोळकर, वस्तू नव्हं. येईल म्हणतायत. यायचीय अजून ती.” माझं आडनाव मोहोळकर नाही. पण त्या दिवसापासून शाळेत ते पक्कं झालं.

मी रेणुकाच्या नावापुढं ‘गै’ लिहायला लागलो तर बाईंनी माझा हातच धरला. “गैरहजर कशाला करता? तिची आई वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला गेली असंल. आई आली की हिच्या कडेवरचं मूल सुटंल, मग येईल की पळत. ठिपका द्या.” पेन्सिलीनं बारीक ठिपका. पोर आलं की त्याच्यावर हजेरीची रेघ. नाहीच आलं तर मधल्या सुट्टीत बाई स्वतः गल्लीत जाऊन दारात उभ्या राहायच्या. कधी पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात यायची, बाई त्यालाही पाटी द्यायच्या. आमच्या शाळेत गैरहजर हा शब्द तोंडी नव्हता. पोर एक तर आलेलं असायचं, नाही तर यायचं असायचं.

शाळेचे जुने दिवस त्या फार रंगवून सांगायच्या. त्यांच्या लहानपणी जन्माचा दाखला कुणाकडं होता? हेडमास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे. कान धरता आला की पहिलीत, आणि वाढदिवस एक जून. “आमचा अख्खा वर्ग एका दिवशी जन्मला होता हो,” बाई म्हणायच्या, “आमच्या आयांचं कसं झालं असंल!” तेव्हा दोन पाळ्यांत शाळा भरायची, पोरं व्हरांड्यात बसायची, चौथीत नापास झालेली पोरगी दुसऱ्या दिवसापासून विड्या वळायला बसायची. पुढं शाळेत खिचडी शिजू लागली, मग नापास करणं बंद झालं, शाळेबाहेरची पोरं शोधून आणा असं वरूनच सांगणं आलं. बाईंना वाटलं, आता आपलं खरं झालं! आणि नेमकं त्याच सुमाराला गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या येऊन थांबायला लागल्या. ज्याला जमेल तो पोराला टाय बांधून तिकडं पाठवू लागला. दर मे महिन्यात आम्ही दोघं भर उन्हात दारोदार फिरायचो, पोरगं आमच्याकडं घाला म्हणून. लोक पाणी द्यायचे, सरबत द्यायचे, पोरगं तेवढं द्यायचे नाहीत. उरली ती कडेवर भावंडं असलेली, उशिरा येणारी. म्हणजे ठिपक्यातली.

आणि मग ॲप आलं. त्यात दोनच खुणा, हजर नाही तर गैरहजर, आणि ठरल्या वेळेत भरून मोकळं व्हायचं. बाईंनी चष्मा वर करून मोबाइल उलटा-सुलटा पाहिला. “ठिपका कुठाय ह्यात?” प्रशिक्षण द्यायला आलेला तरुण साहेब हसला. भला माणूस होता, म्हणाला, “मॅडम, तशी सोय नाहीये.” त्यात त्याची तरी काय चूक? आम्ही रोज वेळेत भरत गेलो, आणि तासाभरानं पळत येणारी आमची पोरं रोज गैरहजर लागत गेली. पट आधीच घटलेला, त्यात उपस्थिती ही अशी. आम्ही अर्ज केले, पालकांना घेऊन जाऊन भेटलो. सगळ्यांनी बसायला खुर्च्या दिल्या. कागदावर वर्ग रिकामा दिसत होता आणि आमच्या डोळ्यांसमोर तो भरलेला होता, पण डोळ्यांचं कोण ऐकतंय?

ज्या मेमध्ये बाई निवृत्त झाल्या, त्याच जूनमध्ये आमची शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन झाली आणि मीही पोरांबरोबर तिकडं गेलो. ती इमारत चांगली आहे, पंखे आहेत, फळा हिरवा आहे, तिथले शिक्षकही मनापासून शिकवतात. मधे फक्त अक्कलकोट रोड आहे. एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे गठ्ठे नेणारे टेम्पो शाळेच्या वेळी सुसाट असतात. मोठ्या माणसाची छाती होत नाही, तिथं सात-आठ वर्षांची पोरगी कडेवर मूल घेऊन कशी ओलांडणार? निवृत्त झालेल्या बाई मग रोज सकाळी रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहू लागल्या. एक हात वर करून टेम्पो थांबवायच्या आणि पोरांची माळ पलीकडं न्यायच्या. पहिली खेप वेळेवर येणाऱ्यांची, दुसरी ठिपक्यातल्यांची. मी म्हणायचो, “बाई, पाय सुजलेत तुमचे, साखर किती वाढलीय बघा.” त्या म्हणायच्या, “साखर घरी बसून कमी होती का हो मोहोळकर?”

त्या दुसऱ्या खेपेत सुजाता असायची. रेणुकाची मुलगी. हो, त्याच ‘वस्तुंदि’ रेणुकाची. रेणुकाला बाईंनी सातवीपर्यंत ओढत आणलं होतं, सुजाताला दहावीपर्यंत न्यायचंच असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण दिवाळीनंतर बाईंची किडनी गेली, त्या दवाखान्यात पडल्या आणि दुसरी खेप बंद झाली. पहिल्या खेपेला मी जातो, पण घंटा झाल्यावर वर्ग सोडून रस्त्यावर कसा येऊ? सुजाता यायची थांबली. इतके दिवस आली नाही की पोराचं नाव पटावरून कमी करायला सांगतात, हे बाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

शेवटचं भेटलो तेव्हा त्यांच्या हाताला सुया होत्या, आवाज पार खोल गेला होता. काही खाल्लं का विचारलं तर मान हलवली. मग म्हणाल्या, “सुजाता?”

“अजून नाही, बाई.”

“नाव कमी नका करू सर.” त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला मोहोळकर म्हटलं नाही. “यायचीय ती.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि ते त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी माझा हात थोपटला, पहिलीच्या पोराचा थोपटावा तसा... मला तिथंच रडू आलं.

बाईंच्या दहाव्यानंतर मी सुजाताच्या घरी गेलो. रेणुका विड्या जमा करायला गेली होती. उंबऱ्यात सुजाता मांडीवर भावाला घेऊन, सूप पुढं ओढून तेंदूची पानं कातरत होती. कात्री आईच्या मापाची, तिच्या बोटांना मोठी. मी म्हटलं, “शाळेत ये की गं. तुझं नाव आहे अजून.” मी मुख्याध्यापकांच्या विनवण्या करून नाव कमी करणं थांबवलंय. त्यांनीही महिनाअखेरपर्यंत म्हणून मान्य केलंय, पुढचं त्यांच्याही हातात नाही.

“रस्ता लई मोठा हाय सर,” ती म्हणाली. मग कात्री थांबवून तिनं विचारलं, “बाई बऱ्या झाल्या का? त्या आल्या की येते मी.”

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं. इतकी वर्षं पोरांना शिकवतोय, चांगलं-वाईट सगळं समजावून सांगतो. पण ती पोरगी रस्त्याकडं बघत होती, आणि माझ्या तोंडून शब्द आला तो बाईंचाच.

“यायच्यात,” मी म्हणालो.

“बरं सर,” म्हणाली, आणि परत पानं कातरायला लागली.