वाळूबाईची डुलकी

माझी आत्या डोळ्यांच्या दवाखान्यात आया होती. आता तिथं सात मजले झालेत; तेव्हा दोन खोल्या आणि आठ खाटा. मोतीबिंदू काढला की रोग्याला दहा दिवस उताणं निजवायचं, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि उशाशी आत्याला बसवायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मान तर वळवायचीच नाही. भल्याभल्यांना ती दटावायची, "मामा, काय हलायचं ते घरी जाऊन हला." सगळे तिला वाळूबाईच म्हणत.

एका शिंप्याची पट्टी बदलताना थोरल्या डॉक्टरांच्या हातून टाका तुटला. दिवा आत्यानंच धरला होता, तिनं डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर पट्टी आवळून निघून गेले. दोन दिवसांत डोळा गेला. कागदावर आलं: दुपारी आयेला डुलकी लागली, रोगी हलला. शिंप्याला विचारलं, तर तोही म्हणाला, हललो असेन. बिचाऱ्याला दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू त्याच डॉक्टरांकडून काढून घ्यायचा होता. आत्याची रवानगी चादरी धुण्यावर झाली, ती नोकरी संपेपर्यंत. डॉक्टरांचा अर्धपुतळा झाला.

यंदा दवाखान्याला साठ वर्षं झाली. इतिहास लिहिणारे एक मास्तर घरी आले. आत्यानं सगळं सांगितलं, वर बजावलं, "माझं नाव नका घालू, पण मी झोपले नव्हते, एवढं लिहा." मास्तरांनी मान डोलावली, दोन कप चहा प्यायले, गेले.

पुस्तक आलं. मी वाचून दाखवलं. एक आया झोपल्यामुळे एका रोग्याचा डोळा गेला; तेव्हापासून थोरल्या डॉक्टरांनी दर खोलीत दोन आया नेमल्या, आणि ही शिस्त आजही संस्थेचा अभिमान आहे.

"परत वाच," आत्या म्हणाली.

परत वाचलं. मास्तरांना फोन लावला, तर म्हणाले, "बाईंचं वय झालंय हो. मी कागद बघून लिहितो."

आता आत्यालाच मोतीबिंदू झालाय. जुन्या नोकरांचं तिथं फुकटात करतात, वीस मिनिटांचं काम. मी म्हटलं, चल, नेतो. ती भिंत चाचपत मोरीकडे निघाली होती.

"त्यांच्या टेबलावर आडवी होऊ होय? काही बिघडलं, तर लिहून मोकळे होतील, म्हातारी हलली."