आक्कांसाठी चार हात पांढरं

संस्थेचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी आक्का, दोघेही ठणठणीत असताना, मी त्यांना एकाच कापडात पोचवलं. हेतू चांगला होता.

नव्वदच्या दशकातला संगमनेरचा हिवाळा. बायको सुनंदाच्या शाळेत आशियातल्या चालीरीतींचा मेळा होता. प्रत्येक वर्गाला एक मुलूख. जपान, श्रीलंका हुशार बाईंनी आधीच पळवले. सुनंदाकडे तिबेट उरलं. तिची नोकरी सहा वर्षं तात्पुरती. कायम करणं अध्यक्षांच्या हातात, अध्यक्ष आक्कांच्या हातात, आणि आक्का मेळ्याच्या पाहुण्या.

"अहो, तुम्ही फक्त खुर्च्या मांडा," सुनंदा म्हणाली. (तेवढं केलं असतं तर!)

स्टँडजवळ दर थंडीत स्वेटर विकणाऱ्या डोल्माताईंना मी मेळ्याचं आमंत्रण दिलं. त्यांनी सांगितलं, तिबेटात पाहुण्याच्या गळ्यात पांढरं उपरणं घालतात. मी थेट कापडदुकानात.

"चार हात कापड द्या. अध्यक्षांच्या आक्कांसाठी. उद्या दहाला कार्यक्रम आहे."

दुकानदाराचा चेहरा पडला. "आरारा. परवा तर बाजारात भेटल्या हुत्या. सवाष्ण हाय, हिरवं फाडू का?"

"छे, पांढरंच लागतं."

"म्हंजे... मालक बी?"

"ते असणारच की सोबत."

त्याने डोळे पुसत मांजरपाट फाडला. (मला वाटलं, संस्थेवर जीव दिसतो माणसाचा.)

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या त्याच धुमसत. सकाळपासून बंगल्यावर माणसं हार घेऊन येत होती आणि दारात त्यांनाच बघून दचकत होती. तेवढ्यात मी पुढे झालो आणि तो कोरा मांजरपाट त्यांच्या गळ्यात घातला.

सुनंदाने डोळे मिटले. सहा वर्षं बुडाली.

"भाऊ," आक्का सावकाश म्हणाल्या, "आमचे मालक जिते हायेत. आन मी बी."

अध्यक्ष खोकले, बहुधा खात्री करायला.

मग डोल्माताई उठल्या. "आक्का, आमच्यात लग्नात घालतात. बाळ झालं, तरी घालतात. पांढरं म्हणजे साफ मन." त्यांनी पिशवीतून स्वतःचं रेशमी उपरणं काढून आक्कांच्या गळ्यात घातलं. "माझ्या आईचं."

आक्कांनी त्यावरून हात फिरवला. "लई मऊ हाय गं. आईचं आसं कुनालाबी देतीस व्हय?"

"मोठं माणूस ते परत देणाऱ्याच्याच गळ्यात घालतं. तो आशीर्वाद."

आक्कांनी ते डोल्माताईंच्या गळ्यात घातलं, त्यांना जवळ घेतलं आणि डोळे टिपले. एका स्वेटरवाल्या बाईने आमची भाकरी वाचवली. ते उपकार आम्ही अजून विसरलेलो नाही.

मग आक्का मांजरपाट घेऊन माझ्याकडे वळल्या. "ह्यो तुमालाच ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमच्या बाईंच्या हातनं आज तुमी वाचत न्हाई."

सगळ्यात मोठ्याने अध्यक्ष हसले.

जूनमध्ये सुनंदा कायम झाली. मी घरात अजून तात्पुरताच आहे.