विचारायचं राहिलं

शिवणबाईंनी वीस वर्षं ब्लाउजचं दुकान चालवलं होतं. गिऱ्हाईक आलं की खांद्याला धरून फिरवायचं, टेप गुंडाळायची, आकडा बोलायचा. नवरा गेल्यावर दुकान आवरलं आणि त्या मुलींच्या सुधारगृहात शिवण शिकवायला लागल्या. तिथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, विचारल्याशिवाय कुठल्याही मुलीला हात लावायचा नाही. शिवणबाई कुरकुरल्या. माप घ्यायचं की परवानगी काढायची? पण नियम पाळला.

लांबडीला त्याचं फार हसू यायचं. सोळाची, उंच, कामाला चलाख पोर. सांभाळायला सोपवलेल्या चिमुरड्या मामेबहिणीवर तिनेच अत्याचार केले होते. समुपदेशक बाईंनी किती डोकं फोडलं, पण हिचं आपलं एकच पालुपद. खेळच होता तो. ती रडली नाही, ओरडली नाही, म्हणजे तिला चालत होतं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं स्वयंपाकीणबाई म्हणायच्या. शिवणबाईंना मात्र पोरीचा राग येई आणि तिच्यासाठी जीवही तुटे. दोन्ही एकदमच.

सुधारगृहातून निघणाऱ्या प्रत्येक मुलीला शिवणबाईंच्या हातचा नवा ड्रेस मिळे. लांबडीला घरी सोडायचं का, हे दुसऱ्या दिवशी समिती ठरवणार होती. ते घर म्हणजे मामाचंच घर. चिमुरडी तिथेच होती. समितीपुढे काय बोलायचं ते लांबडीने पोपटासारखं पाठ केलं होतं, आणि ते पाठच आहे हे बाईंना कळत होतं. तरी ड्रेस तर हवाच. कापड टेबलावर पसरलेलं, वीज जायची वेळ झालेली. घाईघाईत बाईंनी तिला खांद्याला धरून फिरवलं आणि छातीभोवती टेप घातली.

लांबडी दगड झाली. हात लांब धरलेले, नजर जमिनीवर, श्वाससुद्धा घेईना. बाई आकडा बोलल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टेप झटकन काढली.

"अगं, विचारायचंच राहिलं. चाललं ना तुला?"

"नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलताच आलं नाही. लहानपणी पण..." एवढं बोलून ती थांबली. कोण, कधी, ते बाईंनी विचारलं नाही. तिने मशीनचं चाक हाताने फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "ती पण अशीच उभी राहायची, बाई."

इतके महिने बाईंनी ज्याची वाट बघितली तेच हे, पण ऐकवेना.

लांबडीने टेबलावरच्या कापडाची घडी घातली. "ड्रेस शिवू नका. मला तिकडे पाठवू नका म्हणावं उद्या. ती आहे तिथे." आणि ती खाली बसून रडायला लागली.

बाईंचा हात आपसूक पुढे गेला. तो त्यांनी मागे घेतला.

"पाठीवर हात ठेवू का गं?"

लांबडीने मान हलवून नको म्हटलं. बाई शेजारच्या स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या.