हलीमाखालांचं पान कुठे संपतं

कोपरखैरण्याहून भेंडीबाजारला जाण्याला कुणी प्रवास म्हणणार नाही. पण नव्वदच्या दशकात आम्हा नवी मुंबईकरांना खाडी ओलांडली की परदेशी गेल्यासारखं वाटे. सोबत शेजारच्या हलीमाखाला, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं जुनं कुराण, वाळवीनं निम्मं खाल्लेलं.

रमजान तोंडावर आला होता. खालांना बरंचसं पाठ होतं, पण ते पानासकट: ओळ कुठे वळते, पान कुठे संपतं. मुलानं आणलेल्या नव्या प्रतीत ओळीच वेगळ्या.

"कुणी माझी चूल हलवल्यासारखं झालंय," त्या म्हणाल्या. "मीच अडखळले तर नातीला काय शिकवू?"

जुन्यासारखीच प्रत शोधायची होती. मुलगा काविळीनं आडवा, म्हणून सोबतीला मी. माझ्या टायफॉइडमध्ये याच बाईनं रोज पेज पाठवली होती.

वाशीहून बस, पुढे टॅक्सी. तुम्ही जाणार असाल तर शुक्रवारची दुपार टाळा, दुकानं बंद असतात. बेकरीतली गरम नानखटाई मात्र टाळू नका.

बऱ्याच दुकानांनी माना हलवल्या. शेवटी एका जुन्या छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकांनी बसवून चहा दिला आणि इतिहासही पाजला. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून कुराण छापायला लोक फार काळ राजी नव्हते. अरबी अक्षरं हातात हात घालून चालतात, शिशाच्या खिळ्यांना ते जमेना. शिवाय एक चूक म्हणजे सगळ्या प्रतींत तीच चूक. (आमच्या ऑफिसात अशा चुकीचं परिपत्रक होतं.) मग दगडावरची छपाई आली, कातिबाचं, म्हणजे हातानं कुराण लिहिणाऱ्याचं, हस्ताक्षर जसंच्या तसं उमटू लागलं, आणि मुंबईची कुराणं जहाजांतून आफ्रिकेपर्यंत गेली.

"अब ऑफसेट है," खालांचं जुनं कुराण निरखून त्यांनी एक प्रत काढली, "मगर हाथ उसी कातिब का. फोटो लेके छापा."

मी उत्साहानं पुढे झालो आणि सरकारी सवयीनं बोट जिभेला लावलं. खालांनी हातावर फटका दिला.

"मेल्या, थुंकीनं पान उलटतोस? ही तुझी फाईल नाय!"

मालक हसले, स्वतः पान उघडलं आणि पहिला शब्द वाचला. खालांनी डोळे मिटले. त्या म्हणत गेल्या, मालकांचं बोट ओळींवरून सरकत गेलं. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी त्या बोटाकडेच बघत होतो.

"आता उलटा," खाला म्हणाल्या.

बोट शेवटच्या शब्दावर होतं.

त्या रमजानात भिंतीपलीकडून खालांचा आवाज येई, न अडखळता, आणि त्यामागून नातीचा. मध्ये क्षणभर दोघी थांबल्या की मला कळे, पान उलटलं. खाला आता नाहीत. पण कुठलंही पुस्तक वाचताना माझं बोट अजून जिभेपर्यंत जातं आणि हवेतच थबकतं.