खिलार आली, चिमी गेली

आमच्या घरी आठवडाभर कोरा चहा झाला, त्याला माझा साडू जबाबदार आहे. नवी गाय मी आणली, हे खरं. घरातली गाय मी घालवली, हेही खरं. पण सुरुवात त्याने केली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, नंदाच्या, बहिणीचा नवरा सर्जेराव. राहणार घाटावर, कोल्हापूरकडे. त्याला जनावरांतलं कळतं आणि ते कळतं हे तो कुणाला विसरू देत नाही. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे पालीला आंबे खायला आला होता. (आंबे माझे, अढी माझी, निवडून खाणार तो.) संध्याकाळी आमची चिमी सड्यावरून, गावावरच्या कातळमाळावरून, चरून घरी आली. चिमी म्हणजे आपली साधी कोकणी कपिला. तांबूस अंग, आखूड शिंगं, उंचीला माझ्या कमरेच्या जरा वर. सर्जेरावाने तिला शेपटीपासून शिंगापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पाव्हणं, शेळी झकास हाय. दूध किती देती?"

सगळे हसले. नंदासुद्धा हसली. मी हसलो नाही. चिऱ्याच्या खाणीवर दगड उचलण्यापासून सुरुवात करून मी स्वतःची खाण आणि ट्रक उभे केले. मिरकरवाड्याला मी दिसलो की मासळीवाल्या सुरमईवर ओलं फडकं टाकतात, कारण भाव पाडल्याशिवाय मी जागचा हलत नाही. अशा माणसाच्या गाईला शेळी?

"पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवतो गाय," मी म्हणालो.

"घ्या की. फकस्त घेताना मला इचारा."

इथेच त्याचं चुकलं. 'विचारा' म्हणाला नसता, तर कदाचित विचारलंही असतं.

पाऊस सरल्यावर मी एकटाच घाट चढून जनावरांच्या बाजारात गेलो. काय एकेक जनावर होतं! गीर गाय पुढे आलेल्या कपाळाची, वळलेल्या पानासारखे लांब कान सोडून उभी, एखाद्या देवळातल्यासारखी शांत. देवणी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, अंगाने भरलेली. लाल कंधारी तर आमच्या ओल्या चिऱ्याच्या रंगाची. पलीकडे माडग्याळ मेंढ्या होत्या, बाकदार नाकाच्या. त्यांचे मालक त्यांना असं सांभाळत होते, की आम्ही पोरांना तसं सांभाळलं नाही.

आणि मग ती दिसली. खिलार. दुधासारखी पांढरी, ताठ मानेची, मागे झुकून पुन्हा वर गेलेली लांब शिंगं आणि डोळ्यांत असा तोरा, की आपण तिला बघायला आलोय की ती आपल्याला, तेच कळेना. शेजारी तिचा गोऱ्हा, तोही आईसारखाच उंच टाचांवर उभा असल्यासारखा. माझ्या मनाने तिला तिथेच आमच्या अंगणात बांधलं. चेहरा मात्र मी कारलं खाल्ल्यासारखा ठेवला.

विकणारा म्हातारा म्हणाला, "मालक, दुधाला घेताय?"

"दुधालाच."

"मग ही नगा घिऊ. खिलार हाय. पळायला, वढायला हिच्या जातीचा हात कुणी धरणार न्हाई. पर दूध गोऱ्ह्यापुरतं. आन् जरा तापट हाय."

आता मला सांगा, आयुष्यात कुठला विकणारा स्वतःच्या मालाला नावं ठेवतो? नावं ठेवणं हे घेणाऱ्याचं काम. म्हाताऱ्याने माझंच काम अंगावर घेतलं, तेव्हाच मी ओळखलं. याला दुसरं गिऱ्हाईक आलेलं आहे, दांडगं, आणि मला हा वाटेला लावतोय! मी असा कोणाच्या सांगण्यावरून वाटेला लागत नाही. तासभर घासाघीस केली. तो गाईचे दोष सांगत होता, मी ते खोडून काढत होतो. शेवटी तो दमला आणि मी जिंकलो.

गोठ्यात जागा एकीचीच. म्हणून चिमी मी शेजारच्या ताराकाकूंना देऊन टाकली आणि बदल्यात त्यांच्याकडून भाताचा पेंढा घेतला, कारण नवी गाय चौघींचं खात होती.

"चिमीला दिलंत?" नंदाने विचारलं.

"गेली कुठे? शेजारीच तर आहे."

"बरं," नंदा म्हणाली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोरा आला.

"दूध?"

"दूध चिमी द्यायची. आता तुमची गाय आहे ना, काढा."

मी बादली घेऊन गेलो. खिलारीने आधी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बादली पहिल्यांदा माडाला लागली, मग मला. गोऱ्ह्याला पाजून उरलेलं दूध एका वाटीत मावलं असतं, पण ती वाटीभर तरी कोण काढणार?

"पिशवीचं आणतो," मी म्हणालो.

"एवढी मोठी गाय दारात बांधून पिशवी आणणार? खुशाल आणा. येताना सगळ्या वाडीला दाखवत आणा."

पिशवी आणली नाही. चिमी मात्र रोज संध्याकाळी सड्यावरून उतरली की ताराकाकूंचं घर ओलांडून थेट आमच्या अंगणाच्या फाटकाशी, बेड्याशी यायची. बेडं बंद, गोठ्यात पांढरी पाहुणी. ती तशीच उभी राहायची, मग ताराकाकू येऊन तिला न्यायच्या. नंदा हे सगळं खिडकीतून बघायची आणि दुसऱ्या दिवशीचा चहा आणखी काळा व्हायचा. ठरलेलंच होतं, चिमी गोठ्यात येईस्तोवर या घरात दुधाचा चहा नाही.

मी तर तेव्हाच चिमीला परत आणली असती. पण रविवारी सर्जेराव गाय बघायला येणार होता. एकदा त्याचं तोंड बंद झालं की मग बघू.

रविवारी सकाळी म्हटलं, निदान गाईला धुऊन चकचकीत करावं. हातात झाडणी घेऊन जरा जोरात बोललो. (नंदा म्हणते, ओरडलो.) खिलारीला कोणी आवाज चढवलेला चालत नसावा. तिने दावं तोडलं. पळायला तिच्या जातीचा हात कुणी धरणार नाही, हे म्हाताऱ्याचं बोलणं मला अंगणात पटलं. मी अंगणाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर चढलो. चिरे माझ्याच खाणीचे, म्हणून टिकले. खाली ती शिंगं रोखून उभी, वर मी झाडणी घेऊन उभा. तेवढ्यात सर्जेराव आला.

तो माझ्याकडे बघेना. गाईकडेच बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "पाव्हणं, खिलार आणलीसा? आरं, काय डौल! काय शिंगं! आन् ह्यो गोऱ्हा, शर्यतीत वाऱ्याला मागं टाकंल."

"मग! शेळी वाटली होती का?" मी गडग्यावरून म्हणालो.

"न्हाई, न्हाई. तुमची नजर मानली. पर तुमी वर का?"

"आंब्याला मोहोर आलाय का बघत होतो."

"आंबा तिकडे आहे," नंदा दारातून म्हणाली.

सर्जेराव हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत पुढे गेला, गाईच्या गळ्याखालची पोळी खाजवली आणि ती त्याच्या मागून कोकरासारखी चालू लागली. मला फार वाईट वाटलं. चहाला बसला तेव्हा त्याने एक घोट घेतला आणि कपात पाहिलं. मग मला म्हणाला, "घातल्या पैशात मला द्या. हिला माळ पायजे, पळायला जागा पायजे." मी नाही म्हणणार होतो. नंदा म्हणाली, "बरं." या वेळी मला अर्थ कळला.

खिलार गोऱ्ह्यासकट घाट चढून गेली. त्याच संध्याकाळी मी ताराकाकूंच्या पडवीत जाऊन बसलो आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे मालाला नावं ठेवायला सुरुवात केली.

"काकू, चिमीचं वय झालं हो आता. दूध ते केवढं! शिंगंही वाकडी."

"खरं रे बाबा," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या. "असलं जनावर तुझ्या गळ्यात मारून मला पाप नको. राहू दे माझ्याकडे."

मी डाव फिरवला. "तसं नव्हे. गुणी आहे. सड्यावरचं सुकं गवत खाऊन जगते, पावसात भिजली तरी शिंकत नाही, खडकाच्या उतारावर बकरीसारखी चढते, आजारपण माहीत नाही, लाथ माहीत नाही, आणि दूध थोडं, पण काय त्याची चव!"

"एवढी गुणी आहे, तर मेल्या मी देऊ कशाला?"

काकूंनी सूप झटकलं. "आणि आहे कुठे ती माझ्याकडे? मघाशीच सड्यावरून परस्पर तुझ्या गोठ्यात गेली. आज बेडं उघडं होतं ना."

"मग आधी का नाही बोललात?"

"तू चांगलं बोलत होतास. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलं नव्हतं. पेंढा तेवढा परत आणून टाक. दुप्पट."

मी दुप्पट टाकला. एका शब्दाची घासाघीस न करता, जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या सकाळी दुधाचा चहा पीत मी सर्जेरावाला फोन केला. कशी आहे ती, विचारलं.

"लई गरीब हो," तो म्हणाला. "पोरंबाळं गळ्यात पडत्यात तिच्या. तुमच्याकडं आठवडाभर राहिली, तेवढ्यात संगत लागली हुती. आता उतरलीया."

मी फोन आपटला आणि जे तोंडाला येईल ते बोललो, चांगलं मोठ्याने. गोठ्यात चिमीने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा रवंथ करू लागली. तिला सवय आहे.